साक्ष आणि कबुली : मंडळीतील एका मद्यासक्त सदस्याचे प्रकरण

हे प्रकरण एका गृहस्थांचे आहे. त्यांची ओळख पटेल असे सर्व तपशील वगळले असून येथे त्यांचा उल्लेख श्री. अ. असा केला आहे. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने हे लिखाण आधी वाचले आहे. मी डॉक्टर नाही, दीक्षित पाळकही नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी जी सेवा चालते तिची जबाबदारी माझ्याकडे आहे, आणि श्री. अ. यांच्या बाबतीत जी चूक झाली तिच्यात माझा वाटा मोठा आहे. ती चूक हेळसांडीतून झाली नाही, आनंदाच्या भरात झाली; म्हणूनच ती कोणत्याही मंडळीत पुन्हा होऊ शकते असे मला वाटते.

पार्श्वभूमी

आमच्या सेवेशी संबंध आला तेव्हा श्री. अ. यांचे वय ४४ होते. व्यवसायाने हिशेबनीस, कामात चोख, बोलायला मृदू. पिणे पंचविशीत सुरू झाले होते, शेवटची सहा वर्षे ते रोजचे झाले होते आणि अखेरच्या वर्षात सकाळी उठल्यावर हातांचा कंप थांबावा म्हणूनच पहिला घोट लागत असे. पुढे रुग्णालयात त्यांच्याकडून जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी भरून घेण्यात आली. तिच्यात एकूण ४० गुण असतात आणि २० किंवा त्याहून अधिक गुण मद्यावलंबित्वाची शक्यता दाखवतात. त्यांचे गुण ३१ होते.

ते विश्वासी घरात वाढले होते. लहानपणी रविवारची शाळा, तरुणपणी गायनवृंद, लग्नानंतर कौटुंबिक प्रार्थना, असे सगळे यथासांग झाले होते. दारू सोडण्याची शपथ त्यांनी पवित्र शास्त्रावर हात ठेवून चार वेळा घेतली होती आणि चारही वेळा मोडली होती. शेवटची शपथ मोडल्यावर त्यांच्या मनाने घेतले की आता देवानेच आपल्याला टाकून दिले आहे. ही समजूत व्यसनाच्या बाबतीत फार घातक ठरते, कारण ज्याला शिक्षा आधीच ठरली आहे असे वाटते त्याला आणखी एका घोटाचे भय उरत नाही. श्रद्धा माणसाला सावरते, तशीच ती चुकीच्या बाजूने धरली तर त्याला खोल लोटूही शकते, हे आम्ही तेव्हा पुरेसे ओळखले नव्हते.

तीन दिवसांची प्रार्थनासभा आणि तिसरी रात्र

मंडळीत तीन दिवसांची उपवास-प्रार्थना होती. पहिल्याच संध्याकाळी श्री. अ. पुढे आले, पाळकांनी आणि वडीलजनांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि खांद्यावरून ओझे उतरल्यासारखे त्यांना वाटले. त्या अनुभवाविषयी मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. त्याच रात्री त्यांनी घरात होती नव्हती ती दारू मोरीत ओतली. सहा वर्षे रोज पिणारा माणूस त्या घटकेपासून एकाएकी, कोणत्याही वैद्यकीय देखरेखीविना, कोरडा झाला. वर उपवासही धरला.

दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली की शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत कंप, घाम, मळमळ, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या ४८ तासांत झटके येऊ शकतात. काहींना ४८ ते ९६ तासांच्या सुमारास ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ ही स्थिती येते, जिच्यात भान हरपते, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप आणि रक्तदाब चढतो, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. तिसऱ्या रात्री श्री. अ. यांना भिंतीवरून किडे चढताना दिसू लागले. ते चादरीवरून काहीतरी झटकत होते आणि पत्नीला परक्या नावाने हाका मारत होते. जमलेल्यांपैकी एकाने हा दुष्ट आत्म्याचा प्रकार आहे असे सांगितले आणि खोलीत मोठमोठ्याने प्रार्थना सुरू झाली. जवळजवळ दोन तास तशीच गेली. शेवटी त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “प्रार्थना गाडीत बसूनही करता येईल. आधी यांना उचला.” त्या दिवशी श्री. अ. यांचा जीव वाचला तो या दोन वाक्यांमुळे.

रुग्णालयात त्यांना बेन्झोडायझेपिन या शामक गटातील औषधे आणि शिरेवाटे थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, देण्यात आले. दीर्घ मद्यपानात या जीवनसत्त्वाची कमतरता होऊन मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. पाचव्या दिवशी ते पूर्ण भानावर आले. डॉक्टरांनी पुढील महिन्यांसाठी तलफ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनच्या गोळ्या आणि नियमित समुपदेशन सुचवले.

साक्ष

येथपर्यंतची चूक अज्ञानाची होती. पुढची माझी आहे. रुग्णालयातून आल्यावर चौथ्या रविवारी मी श्री. अ. यांना उपासनेत साक्ष देण्याची, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते सर्वांपुढे सांगण्याची, विनंती केली. ते उभे राहिले, प्रभूने एका रात्रीत कसे सोडवले ते त्यांनी सांगितले, आणि मंडळी अक्षरशः रडली. रुग्णालयाचा उल्लेख त्या साक्षीत नव्हता. तो का नाही, हे मी विचारले नाही. पुढच्या दोन महिन्यांत आजूबाजूच्या मंडळ्यांतून बोलावणी आली आणि ती कळवण्याचे, तारखा ठरवण्याचे काम मीच केले. दर वेळी साक्ष थोडी अधिक घोटीव होत गेली आणि ‘एका रात्रीत’ हे शब्द तिच्यात पक्के बसले.

ज्याला एका रात्रीत बरे केले आहे त्याने गोळी कशासाठी घ्यायची, असा प्रश्न त्यांना एका हितचिंतकाने विचारला. उत्तर देता येईना म्हणून दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस त्यांनी गोळ्या बंद केल्या. मुक्त झालेल्या माणसाने व्यसनमुक्तीच्या बैठकीत काय म्हणून बसायचे, या विचाराने समुपदेशनही सुटले. पाचव्या महिन्यात, कार्यालयातल्या एका खडाजंगीनंतर, ते घरी येताना वाटेत थांबले आणि प्यायले. त्यानंतरच्या रविवारी त्यांची साक्ष आधीच ठरलेली होती. त्यांनी ती दिली.

त्यापुढचे अकरा आठवडे ते पीत होते आणि साक्षही देत होते. त्यांच्या पत्नींना दुसऱ्याच दिवशी कळले होते. त्या गप्प राहिल्या, कारण सांगितले असते तर नवऱ्याबरोबर साऱ्या मंडळीचा आनंद त्यांनी हिरावून घेतला असे झाले असते. “ते बोलायला उभे राहिले की मी मान खाली घालून गीतपुस्तकाची पाने मोजायची,” असे त्यांनी पुढे मला सांगितले. हे वाक्य मी विसरू शकत नाही.

प्याला

उघडकीस आले ते प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, वेळी. आमच्याकडे छोट्या प्याल्यांचे तबक रांगेतून फिरवले जाते. ते श्री. अ. यांच्यापाशी आले तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी ते धरले, क्षणभर तसेच धरून ठेवले आणि एकही प्याला न उचलता शेजाऱ्याकडे दिले. तबकातले प्याले एकमेकांवर किणकिणत होते. त्यांचे हात कापत होते. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात अयोग्य प्रकारे भाकर खाणे आणि प्याला पिणे याविषयी जो इशारा आहे तो त्यांना पाठ होता. व्यासपीठावरून खोटे बोलणे त्यांना जमले होते, पण तो प्याला उचलणे जमले नाही.

हे फक्त तबक फिरवणाऱ्या एका वयस्कर बाईंनी पाहिले, ज्यांना सगळी मंडळी मावशी म्हणते. त्या कोणालाही काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या त्यांच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, “बाळा, काल प्याला घेतला नाहीस. बरं नाही का?” श्री. अ. यांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा खरे सांगितले. मावशींनी ना उपदेश केला, ना प्रार्थनेची घाई केली. त्यांनी विचारले, “आज किती घेतलीस?” आणि उत्तर ऐकून डॉक्टरांना फोन लावायला सांगितले, कारण मागच्या वेळची तिसरी रात्र त्यांच्या लक्षात होती.

काय बिनसले होते

व्यसनाच्या मानसशास्त्रात ॲलन मार्लाट यांनी एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. संयम पाळणाऱ्याच्या हातून एकदा चूक झाली की ती चूक पूर्ण घसरणीत बदलेल की नाही, हे तो माणूस त्या चुकीचा अर्थ काय लावतो यावर बरेच अवलंबून असते. ‘मी मुळातच नालायक आहे’ असा अर्थ लावला की अपराधीपणा वाढतो आणि तो बुजवायला पुन्हा दारूच लागते. श्री. अ. यांच्यापुढे दुसरा अर्थ आम्ही ठेवलाच नव्हता. साक्षीनुसार ते पूर्ण बरे झालेले होते. म्हणजे आता पिणे याचा अर्थ एकतर देवाचे काम खोटे, नाहीतर आपण खोटे. जी मंडळी विजयाच्या गोष्टीच ऐकते, तिच्यात पडलेल्या माणसाला बोलायला जागा राहत नाही. बत्तिसाव्या स्तोत्रात दाविदाने हेच देहाच्या भाषेत सांगितले आहे: तो गप्प राहिला तोवर त्याची हाडे झिजत गेली, आणि पाप झाकायचे सोडल्यावर त्याला मोकळे वाटले.

साक्ष आणि कबुली यांत आम्ही गल्लत केली होती. साक्ष ही देवाने केलेल्या कामाविषयी असते आणि ती अनेकांपुढे दिली जाते. कबुली आजच्या दिवसाविषयी असते, ती थोड्यांपुढे होते आणि तिच्यात शेवट गोड असण्याची अट नसते. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापे कबूल करण्याची आणि एकमेकांसाठी प्रार्थना करण्याची जी आज्ञा आहे, तिचा हेतू तेथेच सांगितला आहे: तुम्ही बरे व्हावे म्हणून. आम्ही प्रार्थनेचा भाग उचलला होता आणि कबुलीचा सोडून दिला होता.

मंडळीच्या इतिहासात मात्र तो भाग सोडलेला नाही. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी २५ डिसेंबर १७३८ रोजी लहान गटांसाठी जे नियम तयार केले, त्यांचा आधार याकोबाचे हेच वचन आहे. त्या गटांनी आठवड्यातून एकदा भेटावे आणि प्रत्येकाला ठरावीक प्रश्न विचारावेत अशी योजना होती: मागच्या भेटीपासून जाणूनबुजून कोणते पाप घडले, कोणते मोह आले, त्यांतून सुटका कशी झाली, आणि ज्याविषयी ते पाप आहे की नाही अशी शंका वाटते असे काय मनात आले, बोलले गेले किंवा केले गेले. विसाव्या शतकात लूथरन पाळक फ्रँक बुकमन यांच्या ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीने कबुली आणि झालेल्या नुकसानीची भरपाई यांवर भर दिला. त्याच ग्रुपच्या संपर्कातून बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी १९३५ मध्ये अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या गटांची, सुरुवात केली. १९३९ मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्यांपैकी पाचवी पायरी आपल्या चुका देवापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे कबूल करण्याची आहे. दुसरा माणूस तेथे उगाच आलेला नाही. देवापुढे श्री. अ. अकरा आठवडे रोज रात्री कबुली देत होते.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही ख्रिस्ती संस्था नाही, ती कोणत्याही पंथाशी बांधलेली नाही, हे येथे स्पष्ट सांगायला हवे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० मधील आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासली गेली आणि माणसाला या गटांशी आराखड्यानुसार जोडून देणारे उपचार, सलग मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत, संज्ञानात्मक वर्तनोपचारासारख्या (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणाऱ्या) प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. यातून प्रार्थनेची परिणामकारकता सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. नियमितपणे भेटून खरे बोलणाऱ्या माणसांच्या सोबतीत काहीतरी बरे करणारे असते, एवढे मात्र त्यातून दिसते, आणि मंडळी म्हणजे मुळात अशी सोबतच असायला हवी.

दुसरी सुरुवात

या वेळी दारू रुग्णालयात, देखरेखीखाली बंद झाली. श्री. अ. यांच्या पत्नींनी डॉक्टरांना विचारले की, प्यायल्यास त्रास होतो ती डायसल्फिरामची गोळी त्यांना न सांगता देता येईल का. डॉक्टरांनी ठाम नकार दिला. हे औषध शरीरातील मद्याच्या विघटनाचा मार्ग अडवते, त्यामुळे त्यावर दारू घेतल्यास हृदय आणि रक्तदाब यांवर गंभीर परिणाम होऊ शकतो; ज्याला आपण ते घेत आहोत हेच ठाऊक नाही त्याचा जीव त्यात जाऊ शकतो. यकृताच्या तपासण्या करून पुन्हा नाल्ट्रेक्सोनच सुरू केले गेले, आणि या वेळी मंडळीतील तिघांना ते ठाऊक होते.

डायसल्फिरामच्या चर्चेतून प्रभुभोजनाचा प्रश्नही पुढे आला, कारण त्या औषधावर असलेल्याला आंबवलेल्या द्राक्षारसाचा एक घोटही त्रास देऊ शकतो, आणि औषध नसले तरी नुकतीच दारू सोडलेल्याला त्या वासाची परीक्षा का द्यावी लागावी? १८६९ मध्ये थॉमस ब्रॅमवेल वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षाचा रस न आंबता टिकवण्याची रीत याच प्रभुभोजनासाठी बसवली होती. आमच्या वडीलजनांनी आंबवलेला द्राक्षारस सर्वांसाठीच बंद केला. काहींनी सुचवले होते तसा एकट्या श्री. अ. यांचा प्याला वेगळा ठेवला असता तर दर महिन्याला सगळ्यांची नजर तेथेच गेली असती.

पाळकांनी त्या काळात मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातील आंधळ्यावर प्रवचन केले. येशूने पहिला स्पर्श केल्यावर त्याला माणसे चालत्या झाडांसारखी दिसली, आणि ‘तुला काही दिसते का’ या प्रश्नावर त्याने तसेच सांगितले. ‘सगळे दिसते’ असे तो म्हणाला नाही. म्हणून दुसरा स्पर्श झाला. श्री. अ. यांचे नाव पाळकांनी घेतले नाही, पण ते प्रवचन मला उद्देशून होते असेच मी आजवर मानत आलो आहे.

दर गुरुवारी श्री. अ., मी आणि मंडळीतील आणखी दोघे पुरुष भेटू लागलो. प्रश्न वेस्लींचेच, आणि उत्तरे सर्वांनी द्यायची, केवळ श्री. अ. यांनी नाही. पहिले काही आठवडे अवघड गेले. मला आठवते, एका गुरुवारी ‘कोणते मोह आले’ या प्रश्नावर श्री. अ. यांनी खिशातून एक पावती काढून टेबलावर ठेवली. त्या दिवशी त्यांनी बाटली विकत घेतली होती आणि ती न उघडता कार्यालयाच्या खणात ठेवली होती. आमच्यातला एक जण उठला, त्यांच्याबरोबर कार्यालयात गेला, दोघांनी बाटली रिकामी केली आणि ते परत येऊन पुढच्या प्रश्नाला बसले. कोणी शाबासकी दिली नाही, कोणी रागावलेही नाही. पूर्वीच्या पद्धतीत हीच गोष्ट विजयाची साक्ष झाली असती, नाहीतर कायमची लपली असती.

बारा पायऱ्यांतील चौथ्या पायरीप्रमाणे त्यांनी आपल्या आयुष्याचा ताळेबंद एका वहीत लिहिला. हिशेबनीस असल्याने त्यांनी ती आडव्या रकान्यांत मांडली: कोणाचे, काय, किती, आणि त्यातले फेडण्याजोगे कोणते. सर्वांत मोठी रक्कम मुलीच्या शिक्षणासाठीच्या ठेवीतून काढलेली होती. लूककृत शुभवर्तमानातील जक्कय या जकातदाराने ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले होते, श्री. अ. यांना तेवढे शक्य नव्हते, म्हणून पगारातून दरमहा ठरावीक रक्कम थेट मुलीच्या नावे जमा होईल अशी व्यवस्था झाली आणि तिचा हिशेब पत्नींकडे राहिला.

पैसे परत करता आले, पण मुलीने क्षमा केली नाही. ती तेव्हा १९ वर्षांची होती. मंडळीतील काहींनी तिला सत्तर वेळा सात, म्हणजे पुन्हा पुन्हा क्षमा करावी, हे येशूचे वचन ऐकवायला सुरुवात केली, तेव्हा आम्हाला मध्ये पडावे लागले. त्या वचनात क्षमा करण्याची आज्ञा आहे, पण दुखावलेल्या माणसाकडून ती वसूल करण्याचा अधिकार तिसऱ्या कोणाला दिलेला नाही. नववी पायरीही भरपाई करायला सांगते, बदल्यात काही मिळेल असे वचन देत नाही. श्री. अ. यांच्या पत्नींसाठी मावशींनी वेगळी भेट सुरू केली, ज्यात नवऱ्याच्या प्रगतीची चौकशी करायची नाही असे ठरले होते. सोळा वर्षांत आपल्याला कोणी ‘तू कशी आहेस’ असे विचारले नव्हते, असे त्या पहिल्या भेटीत म्हणाल्या.

सद्यःस्थिती

दुसऱ्या सुरुवातीला आता सव्वीस महिने झाले आहेत. चौदाव्या महिन्यात त्यांची एकदा स्लिप झाली. एका संध्याकाळी ते प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत त्यांचा मला फोन आला. पहिल्या वेळी हे सांगायला अकरा आठवडे लागले होते. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवले, गुरुवारी चारही प्रश्न नेहमीप्रमाणे विचारले गेले, आणि त्यानंतर त्यांनी दारू घेतलेली नाही.

दारू सोडून एक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही साक्षीसाठी विचारायचे नाही, आणि त्यानंतरही डॉक्टर, औषध, घसरण यांतले काही वगळायला सांगायचे नाही, असा नियम वडीलजनांनी केला आहे. श्री. अ. यांना गेल्या महिन्यात एका मंडळीकडून पुन्हा बोलावणे आले. त्यांनी ते नाकारले. गोळ्या कमी करायच्या की चालू ठेवायच्या, हा निर्णय पुढच्या तपासणीत व्हायचा आहे. मुलगी घरी राहते, वडिलांशी कामापुरते बोलते. तिच्या नावे जमा होणाऱ्या रकमेचे आणखी एकोणीस हप्ते बाकी आहेत. गुरुवारच्या गटातील एकाची बदली झाली आहे आणि त्यांच्या जागी येणारा, चारही प्रश्नांना स्वतः उत्तरे द्यायला तयार असलेला माणूस आम्हाला अजून मिळालेला नाही.